घर सुनेलाच राहील, असे आई म्हणते

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : माझी आई ७४ वर्षांची आहे. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले आणि धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. दोघांनीही मृत्युपत्र केलेले नव्हते. धाकटी भावजय आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा आईजवळच राहतात, आईचे सगळे तीच पाहते. मालमत्ता म्हणावी तर आई-वडिलांनी दोघांच्या नावावर घेतलेला एक फ्लॅट, बँकेतील काही ठेवी आणि थोडे दागिने, एवढीच आहे. वडिलांच्या पश्चात सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर फक्त आईचे नाव राहिले. थोरला भाऊ परदेशात असतो आणि ठेवींना व सोसायटीत नॉमिनी म्हणून त्याचे नाव आहे. आई म्हणते, "घर सुनेला आणि नातवालाच राहील, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्याशासाठी मृत्युपत्र कशाला?" भावाचे म्हणणे असे की नॉमिनेशन आहे आणि आपल्यात वाद नाही, मग कागद करून संशय कशाला निर्माण करायचा? इतक्या साध्या मालमत्तेसाठी मृत्युपत्र खरोखर लागते का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

"सगळ्यांना ठाऊक आहे" हे आपल्या आईंचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. घरातल्या सगळ्यांना जे ठाऊक असते ते कायद्याला ठाऊक नसते, आणि मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायद्याच्या हिशेबाने होते. मालमत्ता किती मोठी आहे यावर मृत्युपत्राची गरज ठरत नाही. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर कायदा ज्यांना जेवढे देईल, त्यांनाच तेवढे मिळावे अशी त्या माणसाची इच्छा आहे का, यावर ती ठरते. इच्छा आणि कायदा जुळत असतील, वारस मोजके, सज्ञान आणि सह्या करायला उपलब्ध असतील, तर मृत्युपत्रावाचून फारसे अडत नाही. एखाद्या विधवा आईला एकच सज्ञान मूल असेल, सर्व रक्कम ठेवींत असेल आणि नॉमिनीही तेच मूल असेल, तर अशा घराला मी मृत्युपत्राचा आग्रह करणार नाही. आपले घर मात्र त्या प्रकारचे नाही. आपल्या आईंनी मृत्युपत्र करावे आणि लवकर करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे थोडी आकडेमोड करून सांगावी लागतील, ती कृपया शांतपणे वाचावीत.

आपल्या कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे, असे मी धरले आहे. तो हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे इतर वाचकांनी पुढचे हिस्से जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत.

फ्लॅट आईंचा एकटीचा आहे, असे आपण सगळेच समजून चालला आहात, आणि पहिली चूक तिथेच होते आहे. खरेदीच्या करारात वेगळे प्रमाण लिहिलेले नसेल तर अर्धा फ्लॅट वडिलांचा आणि अर्धा आईंचा, असे धरून चालू. वडील मृत्युपत्राविना गेले, तेव्हा त्यांचा अर्धा भाग आई आणि तीन मुले अशा चौघांत सारखा विभागला गेला, म्हणजे प्रत्येकाकडे संपूर्ण फ्लॅटचा एक अष्टमांश आला. (आपल्या आजी, म्हणजे वडिलांच्या आई, त्या वेळी हयात असत्या तर त्यांनाही तितकाच हिस्सा मिळाला असता. पत्रात उल्लेख नाही म्हणून त्या नव्हत्या असे धरतो.) पुढे आपला धाकटा भाऊ गेला. त्याच्या एक अष्टमांशाचे वारस त्याची पत्नी, त्याचा मुलगा आणि त्याची आई असे तिघे. मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गाची, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्यांपैकी, वारस असते, हे पुष्कळांना माहीत नसते. त्या तिघांकडे प्रत्येकी एक चोविसांश गेला. सगळा फ्लॅट चोवीस भागांचा मानला तर आज आईंकडे सोळा भाग, आपल्याकडे तीन, थोरल्या भावाकडे तीन, भावजयीकडे एक आणि भाच्याकडे एक, असे चित्र आहे. सोसायटीच्या सर्टिफिकेटवर कोणाचे नाव आहे याने हे चित्र बदलत नाही, कारण ती नोंद सभासदत्वाची असते आणि तिच्याने वारसांचे हक्क बुडत नाहीत.

आता आई मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांच्या सोळा भागांचे काय होईल ते पाहू. स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम या कायद्याच्या कलम १५ मध्ये दिलेला आहे. पहिल्या क्रमात मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले, आणि पती येतात. या यादीत विधवा सून नाही. पुरुषाच्या मालमत्तेत, म्हणजे सासऱ्याच्या वारसांत, विधवा सुनेला पहिल्या वर्गात जागा आहे. सासूच्या वारसांत मात्र, पहिल्या क्रमातील कोणीही हयात असेपर्यंत, तिला जागा नाही. त्यामुळे आईंचे सोळा भाग आपण, थोरला भाऊ आणि भाचा या तिघांत समान वाटले जातील. अंतिम हिशेब बहात्तर भागांत मांडला तर आपल्याकडे पंचवीस, थोरल्या भावाकडे पंचवीस, भाच्याकडे एकोणीस आणि भावजयीकडे तीन भाग येतात. ज्या घराविषयी आई म्हणतात की ते सुनेला आणि नातवालाच राहील, त्या घराचा एक तृतीयांशही त्या दोघांना मिळून मिळत नाही, आणि जिने हे घर सांभाळले तिच्या नावावर त्याचा चोविसावा भाग राहतो. ठेवी आणि दागिने यांतही तीच गत होईल : तीन वारस आणि सून कुठेच नाही.

कोणी वाईट वागल्यामुळे असे होईल असे नाही. आपण सगळे आजच्याइतकेच प्रेमाने वागलात तरी कायदा हाच हिशेब मांडेल. म्हणूनच आपले मन स्वस्थ नाही ते योग्यच आहे.

आता नॉमिनेशनविषयी. आपल्या बंधूंचा समज अतिशय प्रचलित आहे आणि तो प्रामाणिक आहे, परंतु चुकीचा आहे. बँकेने किंवा सोसायटीने पैसे वा नोंद कोणाच्या हाती सोपवावी म्हणजे त्यांची जबाबदारी संपेल, एवढेच साधारणपणे नॉमिनेशन ठरवते. मालक कोण हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. आयुर्विम्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले होते. पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यात बदल झाला आणि आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांना नॉमिनी नेमले तर विम्याची रक्कम साधारणपणे त्यांच्याच हक्काची होते, असा अपवाद आला. कंपन्यांच्या शेअर्सविषयी मात्र न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जुनेच तत्त्व कायम ठेवले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत २०१९ च्या सुधारणेनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते, आणि हक्काचा वारस दाखल होईपर्यंतच ती व्यवस्था चालते. थोडक्यात, आपले बंधू ठेवींचे आणि सोसायटीतील नोंदीचे नॉमिनी आहेत, म्हणजे उद्या ते सगळे त्यांचे होईल असे नाही. त्यांना ते हिशेबाने इतरांना द्यावे लागेल. परदेशातून हे करणे त्यांनाच जड जाणार आहे, हेही त्यांना सांगावे. आईंनी मृत्युपत्र केल्यावर नॉमिनेशनही त्याला जुळणारे करून घ्यावे, म्हणजे पैसे ज्याचे व्हायचे त्याच्याच हाती सरळ जातील. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यांना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि ठेवींसाठी त्यांची टक्केवारीही ठरवता येते, त्यामुळे एकाच नावावर भार टाकण्याची गरज उरलेली नाही.

मृत्युपत्राने काय साधेल आणि काय साधणार नाही, हे आईंना आधीच सांगितले पाहिजे. त्या फक्त स्वतःचे देऊ शकतात. फ्लॅटचे सोळा भाग, म्हणजे दोन तृतीयांश, आणि ठेवी व दागिने, यांविषयी त्या लिहू शकतात. "माझा फ्लॅट मी सुनेस देत आहे" असे त्यांनी लिहिले तरी आपले तीन आणि बंधूंचे तीन भाग त्या वाक्याने हलणार नाहीत. आईंचे सर्व भाग भावजयीकडे गेले तर तिच्याकडे आणि भाच्याकडे मिळून चोवीसपैकी अठरा, म्हणजे तीन चतुर्थांश होतील, आणि उरलेला चौथा हिस्सा आपल्या दोघा भावंडांकडे असेल. आईंची इच्छा पूर्णपणे अमलात यायची असेल तर आपण आणि आपले बंधू यांना आपापल्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र नोंदणी करून द्यावे लागेल. ते तोंडी किंवा साध्या कागदावर होत नाही.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगायची आहे. मुलींनी हक्क सोडावा हे आपल्याकडे इतके गृहीत धरले जाते की सही करताना त्यांना आपण काय देतो आहोत हेही कोणी नीट सांगत नाही. आपला हिस्सा बंधूंच्या हिश्श्याइतकाच आहे आणि तो ठेवणे हा आपला अधिकार आहे. आपली परिस्थिती पाहता तो सोडणे परवडत नसेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे. त्यात आईंविषयी किंवा भावजयीविषयी कमी प्रेम आहे असे होत नाही. सोडायचा असेल तर आकडे समजून, कोणाच्या भिडेला न पडता सोडावा. आणि एकट्या आपणच सोडावा, बंधूंनी ठेवावा, असे मात्र होऊ देऊ नये.

भाचा अकरा वर्षांचा आहे, हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक धागा आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर नैसर्गिक पालकालाही, म्हणजे त्याच्या आईलाही, न्यायालयाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे आणि मुलाच्या संरक्षणासाठी ती आवश्यकच आहे. पण आईंनी प्रेमापोटी सगळे सोळा भाग नातवाच्या नावावर केले, तर तो अठरा वर्षांचा होईपर्यंत भावजयीला अडीअडचणीला लहान घर घेऊन उरलेल्या पैशात त्याचे शिक्षण करायचे म्हटले तरी प्रत्येक पाऊल न्यायालयातून टाकावे लागेल. त्याचा स्वतःचा एक चोविसांश आहेच, त्यामुळे ही परवानगी पूर्णपणे टळणार नाही. परंतु एवढ्या छोट्या भागासाठी मुलाच्या हिताचे कारण दाखवून ती मागणे आणि बहुतांश घरासाठी मागणे यांत फरक आहे. म्हणून आईंचा सुनेवर विश्वास असेल, आणि पत्रावरून तो दिसतो, तर त्यांनी फ्लॅटमधील आपला हिस्सा सुनेला पूर्ण मालकीने द्यावा आणि नातवासाठी ठेवींमधून वेगळी तरतूद करावी, असे मी सुचवीन. सून पुढे पुनर्विवाह करील आणि नातवाचे काही राहणार नाही, अशी भीती आईंना वाटत असेल तर तीही समजण्यासारखी आहे. तसे असल्यास सुनेला हयातभर राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर नातवाला मालकी, अशी रचनाही करता येते. ती कागदावर अधिक सुरक्षित दिसते, पण सुनेचे हात बांधते. दोन्ही बाजू ऐकून आईंनी स्वतः निवड करावी.

काही जण आईंना बक्षीसपत्राचा सल्ला देतील, "आत्ताच नावावर करून टाका, म्हणजे कटकट संपली" असे म्हणतील. तो सल्ला मी या वयात देणार नाही. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी तत्काळ जाते आणि मन बदलले तरी ती सहजासहजी परत येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे खरी, पण त्यासाठी अर्ज करण्याची वेळ आईंवर का यावी? मृत्युपत्र मात्र आई हयात असेपर्यंत कोणाला काहीच देत नाही. त्या घराच्या मालकीण म्हणूनच राहतात आणि हवे तितक्या वेळा ते बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात.

करण्याची पद्धत आपण समजता त्यापेक्षा सोपी आहे. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मराठीत लिहिलेले चालते, हाताने लिहिलेले किंवा टाइप केलेले दोन्ही चालते. आईंनी सही करावी, किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी (किंवा ती आपलीच असल्याचे आईंनी त्यांना स्वतः सांगावे) आणि त्या दोघांनी आईंच्या समोर सह्या कराव्यात, ही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ ची मुख्य अट आहे, आणि पुष्कळ मृत्युपत्रे याच अटीवर अडखळतात. सह्या गोळा करायला कागद घरोघरी फिरवला की तो मृत्युपत्र म्हणून टिकणे कठीण होते. पुढे वाद झालाच तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात सांगावे लागते, म्हणून साक्षीदार आईंपेक्षा वयाने बरेच लहान, सहज सापडतील असे, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काहीच मिळत नाही असे निवडावेत. त्यांतले एक आईंचे नेहमीचे डॉक्टर असतील तर फारच उत्तम, कारण आई त्या दिवशी शुद्धीत आणि समजून-उमजून होत्या हे सांगणारा त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

आपल्या प्रकरणात एक विशेष काळजी घ्यावी लागेल. मृत्युपत्रातून ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर न्यायालय ती संशयास्पद परिस्थिती मानते आणि त्या संशयाचे निरसन करण्याची जबाबदारी त्याच व्यक्तीवर टाकते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये घालून दिलेला हा दंडक आजही पाळला जातो. म्हणून भावजयीने वकील शोधू नये, साक्षीदार आणू नयेत, मसुदा लिहून देऊ नये आणि सह्या होताना त्या खोलीत असू नये. ही धावपळ आपण करावी. ज्या मृत्युपत्राने आपला वाटा कमी होतो ते करायला आपणच मदत केली, ही गोष्ट त्या कागदाला कोणत्याही शिक्क्यापेक्षा अधिक बळ देईल. मुलगा आणि मुलगी यांना कमी का दिले, याचे कारणही आईंनी स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावे. "माझ्या दोन्ही मुलांची स्थिती चांगली आहे आणि धाकट्याच्या पश्चात सुनेने माझा सांभाळ केला आहे" एवढेही पुरेल.

नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती करावी असे मी म्हणेन, कारण मूळ कागद हरवला तर नोंदणीची प्रत मिळते आणि आईंची ओळख व उपस्थिती सरकारी दप्तरात राहते. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. मालमत्ता मृत्युपत्राने मिळाली म्हणून भारतात वारसा कर लागत नाही, जुना इस्टेट ड्युटीचा कर १९८५ मध्येच रद्द झाला. आईंच्या मनात तशी भीती असेल तर ती काढून टाकावी. मसुद्यात दोन गोष्टी लिहायच्या राहून जाऊ नयेत. ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर ते कोणाला, हे लिहिलेले असावे, आणि "याशिवाय माझे जे काही निघेल ते" अमुक व्यक्तीला, असे शेवटचे कलम असावे. नाहीतर विसरलेली एक ठेव पुन्हा कायद्याच्या तीन वाट्यांत जाते. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावा. तो देशात राहणारा असावा, आणि माझ्या मते आपणच ते काम घ्यावे.

राहिला प्रश्न बंधूंच्या "संशया"चा आणि आईंच्या नाराजीचा. बंधूंना वर मांडलेले चोवीस भाग आणि बहात्तर भाग लिहून पाठवा, बाकी काहीही समजावू नका. त्यांना वाटते की कागद केला नाही तर आईंची इच्छा आपोआप पूर्ण होईल. कागद केला नाही तर घराचे पंचवीस बहात्तरांश त्यांच्या नावावर येतील आणि ते भावजयीला द्यायला त्यांना विमानाने येऊन सही करावी लागेल, हे कळल्यावर ते बहुधा स्वतःच वकिलांचा नंबर मागतील. आईंपाशी मात्र आकड्यांनी सुरुवात करू नये. "मृत्युपत्र" हा शब्दही टाळावा. "इच्छापत्र" हा शब्द रूढ आहे आणि अर्थाने अधिक जवळचाही आहे. कोणाला काय देणार, असे विचारले की आईला मुलांत डावे-उजवे करायला सांगितल्यासारखे होते. त्याऐवजी एखाद्या निवांत दुपारी, भावजय घरात नसताना, एवढेच विचारावे, "आई, तुझ्या माघारी वहिनीला या घरातून कोणी ऊठ म्हणू नये, असे तुला वाटते ना? आजच्या कायद्याने तसा तिचा हक्क फार थोडा आहे. तो पक्का करायला तुझी सही लागेल." त्यानंतर त्यांना विचार करायला चार-आठ दिवस द्यावेत, आणि वकिलांकडे जाताना खरेदीचा मूळ करार, वडिलांचा व भावाचा मृत्यूचा दाखला आणि ठेवींची यादी सोबत न्यावी. करारातील हिश्श्यांचे प्रमाण मी धरले त्यापेक्षा वेगळे निघाले तर वरचे सगळे आकडे बदलतील, म्हणून करार त्यांना सर्वांत आधी दाखवावा.